अण्णांची ठासणी आणि माझं कपाट

अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी असते. परवाना शेती संरक्षणाचा. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. २०१४ च्या लोकसभेला अण्णांचे गुडघे धरले होते, म्हणून चिपळूणहून मी गाडी घेऊन गेलो. हवालदारांनी नोंदवहीत लिहिता लिहिता विचारलं, "कंपनी कुठली?" अण्णा म्हणाले, "इंग्लिश." मला राहवलं नाही. मोबाइलची बॅटरी लावून मी घोड्याच्या पुढची लोखंडी पट्टी बघितली.

दोन पायांवर उभा राहिलेला एक छोटा सिंह, पुढच्या पंज्यात मुकुट. त्याच्या पुढच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढे दोन गोल ठिपके, लोखंड तेच पण रंग किंचित वेगळा. माझा लेथचा व्यवसाय आहे, रोज लोखंडच बघतो. ती बुजवलेली भोकं होती. कोणीतरी ती नीट भरून वर कानस मारली होती. चांगल्या पट्टीला भोकं कशाला पाडली, आणि पाडली तर बुजवली कशाला? त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून माझी पुस्तकखरेदी सुरू झाली.

पहिलं पुस्तक चुकीचं घेतलं. एगर्टन यांचं भारतीय शस्त्रांवरचं पुस्तक १८८० चं, सुधारित आवृत्ती १८९६ ची. मला मिळालं ते पुनर्मुद्रण. मुंबईच्या एका विक्रेत्याने फोनवर "चित्रं अगदी मुळासारखी" म्हणून सांगितलं होतं. पार्सल उघडलं तर चित्रांचे ठसे झेरॉक्सचा झेरॉक्स काढल्यासारखे काळेकुट्ट. परत घ्यायला तो तयार झाला नाही. पण खरी चूक माझीच होती. ते पुस्तक मुळात लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या शस्त्रांची वर्णनात्मक यादी. तलवारी, कट्यारी, चिलखतं, तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या बंदुका. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाची बंदूक हा त्याचा विषयच नव्हे. तेव्हापासून विक्रेत्याकडून आधी अनुक्रमणिकेचा आणि लॉकच्या, म्हणजे घोडा-पट्टीच्या बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, एका चित्राचा फोटो मागवतो. चित्रातले स्क्रू मोजता आले तर पुस्तक माझ्या कामाचं.

उत्तर मिळालं ते हॉवर्ड ब्लॅकमोर यांच्या १९६१ च्या पुस्तकात, १६५० ते १८५० मधल्या ब्रिटिश लष्करी बंदुकांवरचं ते. त्यात गारगोटीच्या बंदुकीच्या लॉकचं चित्र बघितलं आणि मी उठून उभाच राहिलो. गारगोटी जिच्यावर आपटते त्या पोलादी झडपेची स्प्रिंग पट्टीला स्क्रूने बसवलेली असते, रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची वाटीही तशीच. पुढे केपचा, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीचा जमाना आला, तेव्हा जुन्या लॉकवरून हे सगळं उतरवायचं, घोडा बदलायचा आणि उघडी पडलेली भोकं बुजवून टाकायची. अण्णांच्या पट्टीवरचे ठिपके नेमके त्याच जागी होते. म्हणजे आज केपवर चालणारं हे लॉक कधीकाळी गारगोटीवर चालत होतं.

बंदूक परत आणल्यावर अण्णांच्या देखत व्हर्निअर लावून नळीचं तोंड मोजलं. कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीची नळी पाऊण इंची, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. ही १५ सुद्धा भरेना. लॉक कंपनीचं (ते सिंहावरून, पुढे सांगतो), नळी दुसरीच, आणि दस्ता तर सरळसरळ गावच्या सुताराच्या हातचा. मला हे जोडकाम एकसंध बंदुकीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डुकरं हाकलायच्या आधी हिने लढाया बघितल्या असतील." ते मला सांगता येणार नव्हतं.

सिंहाचा उलगडा पुण्यात झाला. डेव्हिड हार्डिंग यांचा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवरचा चार खंडांचा ग्रंथ आहे, १९९७ ते १९९९ मध्ये छापलेला. दुसरा खंड म्हणजे निरनिराळ्या नमुन्यांची सूची. एका संग्राहकांनी स्वतःच्या घरी दोन दिवस बसून तो वाचू दिला, चहा-जेवणासकट. साधारण १८०८ पासून कंपनीने लॉकवर सिंह घ्यायला सुरुवात केली. त्याआधी हृदयाच्या आकाराची खूण असे, आत कंपनीची आद्याक्षरं आणि वर चारचा आकडा.

लोक विचारतात, बंदुकाच का जमवत नाही? १९५९ च्या शस्त्र कायद्यात वापरता न येणाऱ्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला सूट आहे, पण ते ठरवणार कोण, आणि कागद करत कोण बसणार? पुस्तकाला परवाना लागत नाही. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क तेवढं पडतं, २०१९ पासून.

पुस्तकांचा खरा वैरी आमच्याकडची हवा. आणि पाणी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं. ब्लॅकमोर वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलं. खालच्या फळीवर रॉबर्ट एल्गूड यांचं १९९५ चं, कुवेतच्या संग्रहालयातल्या बंदुकांवरचं पुस्तक होतं. तोड्याच्या बंदुकांसाठी मी तेच उघडायचो. पाणी ओसरल्यावर आधी घरातला चिखल काढला, म्हातारी माणसं बघितली, पुस्तकांकडे वळलो तिसऱ्या दिवशी. गुळगुळीत आर्ट पेपर ओला असतानाच सोडवावा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. वाळला की त्यावरचा लेप एकमेकांना धरतो आणि सगळ्या पुस्तकाची वीट होते. सुरीचं पातं घालून एक पान उघडायला गेलो तर नळीवरचं सोन्याचं नक्षीकाम समोरच्या पानाला चिकटून निघून आलं, आणि इकडे पांढरा खरखरीत कागद उरला. वीज नव्हती, पंखा नव्हता. जी आठ-दहा पानं ओली सापडली ती हिने मधे बटर पेपर घालून ताटांवर पसरली. ती पानं मी अजून ठेवली आहेत.

त्यानंतर कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर मी लेथची हत्यारंच ठेवतो. पुस्तकं सगळी वर, भिंतीपासून चार बोटं सोडून. मिरग लागला की वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायच्या, ऊन पडलं की एकेक पुस्तक उघडून उभं करायचं. हार्डिंग यांचा संच मिळेपर्यंत चार खंडांची जागा सर्वांत वरच्या फळीवर डाव्या हाताला मोकळी सोडली आहे. पुरचुंडी मी तिथेही ठेवतो.