रोलर अपडेट: लिव्हर ढकलला की चार्ज प्रेशर कोसळतं, त्याचा छडा

मंडळी, सापडलं! निदान निम्मं तरी. (नव्यांसाठी: हा रस्ता दाबायचा रोलर तेलावर पळतो. पंप तेल ढकलतो, त्या तेलावर चाकांची हायड्रॉलिक मोटर फिरते, आणि या बंद चक्रात तेल सतत भरत ठेवणारं कमी दाब म्हणजे चार्ज प्रेशर.) गरम तेलावर, लिव्हर पुढे ढकललेला असताना चार्ज प्रेशर २० बारला टिकलं.

मागची कटकट आठवत असेलच. थंड तेलावर सगळं झकास, पण सांगलीच्या उन्हात तासभर चालवलं की चढाला धूड जागेवर. सक्शन फिल्टर नवा, व्हॅक्यूम ठीक, दोन्ही हाय-प्रेशर रिलीफची (जादा प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) अदलाबदल करूनही फरक शून्य. न्यूट्रलला चार्ज प्रेशरचा काटा २२ बारवर, लिव्हर ढकलला की ११. पुढेही तेवढंच, मागेही तेवढंच. मोटरच्या होज काढून पंपाची तोंडं ब्लँक (बंद) केली, लिव्हर अगदी किंचित हलवला, तर २२ कायम. म्हणजे पंप संशयातून सुटला.

मग मोटरचा केस ड्रेन (आत गळलेलं तेल बाहेर नेणारा पाइप) बादलीत सोडला. बादली भराभर भरली. कुपवाडचा फिटर म्हणाला, "दादा, मोटर गेली. खोलायलाच लागती." खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प. पण एक गोष्ट खटकत होती. चाकं जॅकवर, लोड नाही, म्हणजे मेन लाइनला प्रेशर बेताचंच. झिजलेली मोटर एवढ्यावर इतकं तेल कशी गाळेल? शिवाय या मोटरच्या फ्लशिंग व्हॉल्व्हचं (चक्रातलं थोडं गरम तेल बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हचं) तेलही केसमधूनच बाहेर येतं. बादलीला काय कळतंय कुठलं तेल कुठलं!

न्यूट्रलला फ्लशिंग व्हॉल्व्हमधला शटल (सरकता दांडा) मधोमध, वाट बंद. लिव्हर ढकलला की शटल सरकतो आणि लो-साइडचं (कमी प्रेशरच्या बाजूचं) तेल फ्लशिंग रिलीफकडे जातं. दोन्ही दिशांना रिलीफ एकच. लक्षणं तंतोतंत. खोललं, तर रिलीफच्या पॉपेटखाली (वाट बंद करणाऱ्या झडपेखाली) मोहरीएवढा पिवळा तुकडा अडकलेला, म्हणजे रिलीफ बंदच होत नव्हता! सीट शाबूत होती. ओ-रिंग मिरजेतल्या दुकानातून, हातात घेऊन मापून आणली. ऑनलाइन किटमधल्या साइझ मला कधी जुळलेल्या नाहीत. आणि ग्लिसरीनचा ६० बारचा गेज घ्याच. ६०० च्या गेजवर हा फरक दिसणारच नाही. अर्थात तो फक्त चार्ज पोर्टला लावायचा, मेनला चुकूनही नको.

आता रंगकाम काढणार होतो. पण त्या तुकड्याला चुंबक लागत नाही. ब्राँझ असावं. मग ते पंपातलं की मोटरमधलं? हे लिहितानाच आठवलं, काढलेला जुना फिल्टर अजून शेडच्या कोपऱ्यात पडलाय. आधी तो कापतो. पिवळी पूड निघाली तर रंग राहिला बाजूला, मोटर उतरवायची. नाहीच निघाली, तर पुढचा नंबर व्हायब्रेशन सर्किटचा (ड्रम थरथरवणाऱ्या तेलाच्या वाटेचा).