आमची वाटचाल : दोन गच्च्यांच्या मधली जागा

जयसिंगपुरात आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं. नेटवर्किंगचं काम गळ्यात पडलं ते उसाच्या ट्रॉलीमुळे.

खत-औषधांचे एक दुकानदार आहेत, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. दुकान अलीकडे, गोडाऊन रस्त्यापलीकडे २०० मीटरवर. नेट दुकानात, कारण खतविक्रीची नोंद करणारी पॉस मशीन तिथं. पण स्टॉकचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे गोडाऊनात. कुणीतरी खांबांवरून केबल ओढून दिली होती. गळीत हंगाम लागला, की उसानं शिगोशीग भरलेली एखादी ट्रॉली ती तोडून नेणारच. आम्ही जायचो, जोडायचो, पैसे घ्यायचो. तिसऱ्या खेपेला आण्णा म्हणाले, "आरं, तारंबिगर काय जमत न्हाई का?"

जमतं, एवढं ऐकून होतो. स्वस्तातली २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस यंत्रांची जोडी आणून दोन्ही गच्च्यांवर लावली. बाजारपेठेत दुकानागणिक राउटर, आणि लहरींच्या त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६, ११. सकाळी लिंक पळायची, संध्याकाळी रडायची. महिनाभरात ती जोडी काढली आणि दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्झची डिश अँटेना लावली. २०१८ साली केंद्र सरकारनं हा पट्टा बराचसा परवानामुक्त केलाय, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नव्हती. फाल्गुनात काम झालं. आण्णा खूश, आम्ही त्यांच्याहून खूश.

वैशाखात फोन. नेट गेलं.

केबल बदलली. अडॅप्टर बदलला. एका बाजूची डिशही बदलली, आमच्या पदरच्या पैशानं. चार हेलपाटे झाले. शेवटी आमचा पोऱ्या कठड्यावर टेकून म्हणाला, "मालक, ह्यो पिंपळ तवा असा नव्हता."

नव्हताच. आम्ही डिश जुळवली तेव्हा पिंपळाची पानं झडली होती. फांद्यांतून गोडाऊनचा पत्रा दिसतोय म्हणजे झालं, असं धरून चाललो. चैत्रपालवी फुटली आणि लिंक मेली. त्यात दुसरी चूक : समोरचं दिसलं म्हणजे वाट मोकळी, असं नसतं. लहरी सुतळीसारख्या सरळ जात नाहीत, मध्ये काकडीसारख्या फुगतात. ५.८ गिगाहर्ट्झला २०० मीटरवर मधोमध चहूबाजूंनी दीड मीटरच्या वर जागा लागते. थोडंफार आत आलं तर चालतं, पण ओली पानं लहरी गिळतात.

डिश गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दहा फुटी जीआय पाइपावर नेली. सिग्नल उणे ७८ डीबीएमवरून उणे ५४ वर आला; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. पाइपाचे पैसे घेतले नाहीत. आण्णांनी पुढं तीन गिऱ्हाइकं पाठवली.

तेव्हापासून कोटेशनआधी गच्ची. मधलं झाड कुठलं, मोकळा प्लॉट कुणाचा, शेजारी मजला चढवणार आहे का. बाकीचं काम आता हाताखालचं झालंय : पलीकडच्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणं, बंद, केबल उन्हात टिकणारी काळी, आत शिरण्याआधी तिला खाली झोका, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. वळवाची वीज मात्र अजून छळते, म्हणून विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग गिऱ्हाईक नको म्हणालं तरी लावतो. त्यावरून भांडणंही झालीत.

एक काम मात्र सोडलं. एका घरमालकाला स्वतःचं नेट गल्लीभर वाटून महिन्याला पैसे गोळा करायचे होते. आपल्याच दोन इमारती जोडणं वेगळं. घरचं नेट असं परस्पर विकता येत नाही. ते म्हणाले, "कोण बघतंय?" आम्ही चहा पिऊन उठलो.

सध्या एका शाळेच्या दोन इमारतींचं बघतोय. मध्ये रिकामा प्लॉट, अंतर जेमतेम ९० मीटर, काम अर्ध्या दिवसाचं. पण काल त्या प्लॉटवर कॉलमचे खड्डे दिसले. किती मजले, ते विचारायला उद्या जायचंय.