अख्खं दिल

रविवारी लालबागच्या मटणवाल्याकडे दोन दिल मागितली आणि वर म्हटलं, "दादा, चीर देऊ नका, अख्खी द्या." त्याची सुरी थांबली. "ताई, आत रक्त साकळलेलं असतं. घरी कोण साफ करणार?" भाची करणार होती. आठवीच्या पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीने तिला रडकुंडीला आणलं होतं, आणि बोकडाचं हृदयही आपल्यासारखंच चार कप्प्यांचं.

आकृतीत अर्धं हृदय निळं, अर्धं तांबडं. ओट्यावर सगळं एकाच रंगाचं. अशुद्ध रक्तही लालच असतं, जरा काळपट. निळी पेन्सिल ही निव्वळ सोय. उजवी बाजू डावीकडे का काढतात, हे मात्र तिला लगेच उमगलं. चित्रातलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं आहे!

वरची दोन अलिंदं पातळ कातडीची, रक्त खाली सोडलं की त्यांचं काम झालं. खरी गंमत खालच्या दोन निलयांची. उजव्याची भिंत सहज चिरली, डाव्याला सुरी दाबावी लागली. माणसात ही भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड असते. उजव्याची धाव शेजारच्या फुप्फुसांपर्यंत, म्हणजे दादर-माटुंगा. डाव्याला टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, थेट कसारा गाठायचं. तरी दर ठोक्याला दोघं रक्त लोटतात साधारण सारखंच. अलिंद आणि निलय यांच्या मधल्या झडपांना खालून पांढरे, चिवट दोरे असतात, झडप उलटी वर जाऊ नये म्हणून. भाचीने एक ओढून पाहिला, तुटला नाही. 'लब-डब'मधलं 'लब' ऐकू येतं ते या झडपा मिटण्याचं, 'डब' हे निलयांतून बाहेर पडणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचं.

आमच्या घरापासून केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. 16 फेब्रुवारी 1968 रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथे एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. हातातली ती बुळबुळीत मूठ पाहताना त्या धाडसाचं मला नव्याने आश्चर्य वाटलं.

मला सगळ्यात आवडल्या त्या बाहेरच्या चरबीत दडलेल्या बारीक रक्तवाहिन्या. हृदयातून मिनिटाला पाचेक लिटर रक्त जातं, पण त्यातून त्याची स्वतःची भूक भागत नाही. त्याचा वाटा महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतून येतो. त्यातही डाव्या निलयाची तऱ्हा वेगळी: आकुंचन पावताना तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या आवळतो, त्यामुळे त्याचं बहुतेक खाणंपिणं सैल पडल्यावर. शांत बसलेल्या माणसाचा एक ठोका साधारण 0.8 सेकंदाचा, त्यातले 0.5 विसाव्याचे. म्हणजे अहोरात्र राबणारं म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते निम्म्याहून जास्त वेळ सुट्टीवर! लोकलमागे धावलं की कात्री लागते ती मुख्यतः याच सुट्टीला, तीही नेमकी भूक वाढलेली असताना. धमनी अरुंद झालेली असेल तर छाती तेव्हाच भरून येते. ट्रेडमिलवर पळवून डॉक्टर हीच तर परीक्षा घेतात.