बिडी न ओढता जडलेली धाप

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लावणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, म्हटले की खोकून खोकून वाकलेला, बिडी ओढणारा म्हाताराच डोळ्यांपुढे येतो. आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्या, पण उभा जन्म चुलीपुढे काढलेल्या बाईलाही हाच आजार जडतो, हे अजून फारसे कोणी लक्षात घेत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहून त्याकडे लक्ष वेधले होते.

आमच्या विदर्भात कापसाचा हंगाम आटोपला की पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, भारे घरामागे रचले जातात. पऱ्हाटी चटकन पेटते आणि तितक्याच लवकर जळून जाते, त्यामुळे चुलीपासून हलता येत नाही; जाळ मंदावला की फुंकणी घेऊन तोंड थेट चुलीशी न्यावे लागते. नेमका त्याच वेळी धूर सर्वांत दाट असतो, कारण धुमसणारे सरपण पुरते जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन व २.५ मायक्रॉनहून बारीक कण बाहेर पडतात, जे घशात न अडता थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आईच्या मांडीवरचे तान्हे मूलही तीच हवा घेत असते, आणि त्याला न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती.

माझ्या आत्याची धाप कित्येक वर्षे ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिली गेली. दवाखान्यात तिला बिडी-तंबाखूबद्दल विचारले गेले, सरपणाबद्दल कधीच नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, झाली तोवर फुफ्फुसांची जी हानी झाली होती, ती औषधांनी भरून येण्यासारखी राहिली नव्हती. याचे मला अतिशय वाईट वाटते.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गावोगावी पोहोचला, ही मोठीच गोष्ट आहे. पण सिलिंडर पुन्हा भरायचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला जड जातो. मग गॅसवर चहा आणि भाजी होते, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच राहते. म्हणून धाप लागलेल्या बाईला ‘घरी गॅस आहे का’ एवढेच विचारून डॉक्टरांनी थांबू नये. पाणी कशावर तापते आणि चूल किती वर्षे फुंकली, हेही केसपेपरवर लिहावे.