आग्रा रोडच्या भिंतीवर कानबाई

ज्यांनी १८२ मीटर उंचीच्या ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’चे शिल्प साकारले, ते राम सुतार १९२५ साली धुळ्याजवळच्या गोंदूर गावात जन्मले, तरीही धुळ्याच्या आग्रा रोडसाठी कलाकृती करून घ्यायची झाल्यास ती चौथऱ्यावरचा आणखी एक पुतळा नसावी, असे मला वाटते. (कावळ्यांची सोय आधीच पुरेशी झाली आहे.) उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या खान्देशात भिंतीवरचा साधा रंग लवकर विटतो, म्हणून चिनी मातीच्या तुकड्यांत कानबाई या इथल्या लोकदेवीची श्रावणातली मिरवणूक घडवावी: देवी म्हणून पुजलेला, नथ ल्यालेला नारळ, डोक्यावर चौरंग घेतलेली बाई, पुढे वाजंत्री. निविदेत देखभालीचा खर्च धरावा आणि भिंतीच्या मालकाची लेखी संमती आधीच घ्यावी.