चिंचोक्याची खळ आणि चक्रीवादळ

आम्हा सोलापूरकरांना समुद्र दोन्हीकडून लांब. आमच्याकडे वादळ म्हणजे वळवाचा पाऊस, दोनचार पत्रे उडणार, तासाभरात पुन्हा उकाडा. चक्रीवादळाची तयारी कशी करतात हे मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शिकले, तेही सासूबाईंना जगन्नाथाचं दर्शन घडवायला गेले असताना.

मी वॉल हँगिंगचे ग्राफ काढते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पंच होतात, पत्ते जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढतात आणि चित्र विणून खाली येतं. वीस वर्षं तोच मोर, तोच हत्ती, तोच गणपती. हात चालत होता, डोकं कधीच झोपलं होतं. कोणार्क एक्सप्रेस सोलापूरवरून थेट भुवनेश्वरला जाते, म्हणून एप्रिल २०१९ च्या शेवटी दुहेरी बेत आखला. सासूबाईंना पुरी, मला पट्टचित्रांचं, म्हणजे कापडावरच्या पारंपरिक चित्रांचं गाव रघुराजपूर. त्यांनी चाळीस कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बांधून घेतला. "तिकडं काय अन्न मिळत नाही का?" म्हणून मी कुरकुरले. ते वाक्य नंतर मला बरंच महागात पडलं.

दर्शन छान झालं. १ मेला आम्ही रघुराजपूरला गेलो. पुरीपासून दहाबारा किलोमीटर, नारळाच्या सावलीत समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मधे छोटी देवळं, भिंतीभिंतीवर चित्रं. एका ओसरीवर एक चित्रकार पट तयार करत होते. जुनं सुती कापड, त्यावर चिकट लेप, त्यावर दुसरं कापड, मग खडूची पूड आणि शेवटी दगडाने घासघासून गुळगुळीत. सासूबाईंनी लेपाच्या भांड्यात वाकून वास घेतला. "अगं, ही तर आपल्या घोंगडीची खळ!" खरंच चिंचोक्याची खळ होती. आमच्याकडे घोंगडीला ताठपणा यावा म्हणून लावतात, तिथे चित्राला पाठ मिळावी म्हणून. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पुढची दहा मिनिटं चिंचोका किती दिवस भिजवायचा यावर त्यांची चर्चा चालली होती. मी मधे पडले नाही.

शंखाचा पांढरा, काजळीचा काळा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, सगळे रंग करवंट्यांत, कवठाच्या डिंकात कालवलेले. मी वहीत टिपत होते, तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी गेली. वादळाची बातमी दोन दिवस कानावर होतीच, पण आता पुरीच्या पर्यटकांनी निघून जावं असं सांगत होते. वादळाचं नाव फनी, तिकडे म्हणतात फोनी. नाव बांगलादेशने सुचवलेलं, अर्थ फणा काढणारा.

चित्रकारांनी कुंचला धुऊन ठेवला आणि घर आवरायला घेतलं. १९९९ चं महावादळ त्यांनी पाहिलेलं, त्यात ओडिशात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यामुळे घाई होती, गोंधळ नव्हता. मला वाटलं विक्रीची मोठी चित्रं आधी उचलतील. आधी निघाले वडिलांच्या हातचे कच्चे खाके. मग ताडपत्राच्या पोथ्या, दोऱ्याने ओवलेल्या, घडी घालून पत्र्याच्या पेटीत. चित्रं सगळ्यात शेवटी. मीही गुंडाळायला बसले आणि पहिलंच चुकीचं गुंडाळलं. रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत गेली की रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. वरून प्लास्टिक, दोन्ही तोंडांना सुतळी, आणि पेटी माळ्यावर नाही, आतल्या खोलीत विटांवर. छप्पर उडालं तर माळा आधी जातो.

(पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगण ओलांडून सोलापूरवर आला आणि जिल्हाभर पूर आला, तेव्हा माझे ग्राफ असेच विटांवर चढले होते.)

भिंतीवरच्या चित्रांकडे पाहून ते हिंदीत म्हणाले, "दीदी, दीवार को कहाँ ले जाऊँ?"

२ मेला पुरी रिकामी होत होती. आमची परतीची गाडी रद्द. कशीबशी बस मिळाली आणि भुवनेश्वरला एका लॉजवर पोचलो. मालकाने त्या दिवशी भाडं दीडपट केलं, पण खोली पहिल्या मजल्यावर आणि खिडकी लहान, म्हणून मुकाट्याने दिलं. बादल्या, बाटल्या, अगदी कचऱ्याचा डबाही घासून पाण्याने भरला. फोन, पॉवर बँक चार्ज. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि आधारकार्डं दुहेरी पिशवीत. एटीएमच्या रांगेत दीड तास उभी राहिले, आणि हीच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ठरली, कारण नंतर ना वीज, ना नेटवर्क.

३ मेला सकाळी फनी पुरीजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे दुपारच्या आधी जोर चढला. आवाज शिट्टीसारखा सुरू झाला आणि मग एकसारखी गुरगुर, जणू शेडमधले सगळे माग एकदम चालू. सासूबाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या रात्री आम्ही सगळे अंगणात पळालो होतो, पुढे कित्येक रात्री बाहेरच झोपलो. त्यांच्या अंगात तेच भिनलेलं. "बाहेर पळायचं की नाही?" मी त्यांना धरून बसवलं. इथे उलटं होतं. भिंतीच्या आत, खिडकीपासून लांब, जमिनीवर. मग त्यांनी भाकरीचा डबा उघडला. शेजारच्या खोलीतलं बंगाली जोडपंही आमच्यात येऊन बसलं. कडक भाकरी त्यांना बिस्किटासारखी वाटली, चटणीने मात्र डोळ्यांत पाणी आलं.

मी लॉजच्या पावतीच्या पाठीवर काढत बसले. खिडकीच्या फटीतून दिसणारी वाकलेली माडाची टोकं, फक्त रेषा. संध्याकाळी खाली उतरलो तर झाडं मुळांसकट आडवी आणि पानांचा चुरा भिंतींना असा चिकटलेला की कुणी हिरवी खळ लावली असावी.

तीन दिवसांनी, दोन गाड्या बदलून, सोलापूर. रघुराजपूरला फोन लागायला आणखी पंधरवडा गेला. घरातले सगळे सुखरूप होते, पेटीही वाचली. छप्पर आणि भिंत गेली.

पावतीवरून ग्राफ काढायला मला चार महिने लागले. भोवती पट्टचित्रासारखी वेलींची किनार, मधे घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा, त्यात माड. गोल रेषा चौकटीत बसवणं म्हणजे शिक्षाच. प्रत्येक वळणाला जिने दिसतात, पुन्हा खोडायचं, पुन्हा भरायचं. वॉल हँगिंग नको, चादरच विणू म्हटलं, कारण सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंनी चित्र असतं, फक्त रंग उलटे.

पहिला नमुना मागावरून उतरला. मास्तरांनी तो पालथा केला आणि हसले. मागच्या बाजूला वादळ घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत होतं.

"वहिनी, हे कुठलं?"

मी म्हटलं, विषुववृत्ताच्या पलीकडचं. तिकडे असंच फिरतं.