लेकीची २२३ आणि हरणासाठीची गोळी : ऑगस्ट ते ऑक्टोबर

मंडळी, मागच्या सीझनचं मी काहीच लिहिलं नाही कारण जे झालं ते सांगवत नव्हतं. आता सांगतो. टेक्सासच्या हिल कंट्रीत आमची लीज (शिकारीसाठी भाड्यानं घेतलेली जमीन) आहे, तिथं मागच्या डिसेंबरात ८० यार्डांवर हरणाची मादी एकदम आडवी उभी होती आणि मी २२३ (लहान काडतुसाची रायफल) मधून ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप) व्हार्मिंट गोळी मारली, म्हणजे कायोटीसाठी (कोल्ह्यासारखं जनावर) बनवलेली, पातळ जॅकेटवाली (जॅकेट म्हणजे शिशावरचं धातूचं कवच). ती खांद्याच्या हाडावर लागली आणि तिथंच तिचा चुरा झाला. वर बशीएवढी जखम, आत फुफ्फुसापर्यंत काहीच पोचलं नाही. सीडरच्या झुडपांत टॉर्च घेऊन अडीच तास शोधली, सापडली तेव्हा जिवंत होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

चूक निवडीत होती. बॉक्सवरचा ग्रेनचा आकडा बघून घेतलं, गोळी आतून कशी बनलीय ते बघितलंच नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळं घरात विचारायला कुणी जाणतं नव्हतं.

मग २४३ (२२३ पेक्षा मोठी रायफल) का नाही घेत, असं बरेच जण विचारतात. ही रायफल आता लेकीची आहे, ती १३ वर्षांची, २४३ चा धक्का तिला खांद्याला लागतो आणि ती ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटते, २२३ वर तसं अजिबात करत नाही. टेक्सासमध्ये हरणासाठी सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी) लागते, २२३ चालते. पण कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनवाल्यांनो, तुमच्याकडे किमान २४ कॅलिबर (०.२४ इंच व्यासाची गोळी, २२३ ची ०.२२ च) लागतं आणि व्हर्जिनियात २३, तिथं २२३ नेऊच नका. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिशाची गोळीच बंद, म्हणजे तांब्याचीच घ्यावी लागणार.

ऑगस्टमध्ये पहिलं काम केलं ते बॅरलचा ट्विस्ट (आतल्या पिळदार खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते) मोजायचं. क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच बसवला, रॉडला मार्करनं खूण केली, सावकाश आत ढकलत गेलो आणि खूण एक पूर्ण फेरा मारून वर आली तिथं थांबून टेपनं मोजलं. ९ इंच. म्हणजे ६०-६४ ग्रेनच्या गोळ्या आरामात स्थिर राहतात. जुन्या बऱ्याच २२३ चा ट्विस्ट १२ इंचांचा असतो, त्यात ५५ च्या वर गेलात तर नेम विखुरतो. आणि तांबं शिशापेक्षा हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, स्थिर राहायला तिला ट्विस्ट जास्त घट्ट, म्हणजे कमी इंचांचा लागतो, हे बॉक्सवर ठळक कुठंच लिहिलेलं नसतं. फुल मेटल जॅकेटचा (टोकापर्यंत कवच असलेली गोळी) तर विचारही नको, ती न उमलता आरपार जाऊ शकते आणि जनावर लांब जाऊन हाल होऊन मरतं.

सप्टेंबरात तीन प्रकार आणले : ६४ ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), ६० ग्रेनची नॉस्लर पार्टिशन आणि ५५ ची एक तांब्याची. १०० यार्डांवर तीन-तीन शॉटचे चार ग्रुप (भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात ते बघायला). सॉफ्ट पॉइंट दीड इंचात, पार्टिशन सव्वा इंचात, तांब्याची दोन इंचांच्या पुढं, पण ती मी बॅरल नीट साफ न करता मारली होती त्यामुळं तिला अजून एक संधी द्यायचीय.

पार्टिशनवर मन बसलं त्याचं कारण फक्त ग्रुप नाही. गोळीच्या मधोमध जॅकेटचीच एक भिंत असते, पुढचा भाग उमलतो आणि मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसत जातो. जॉन नॉस्लर १९४६ मध्ये मूसच्या शिकारीला गेले होते, त्यांच्याही गोळ्या वरच फुटल्या, आत गेल्या नाहीत, त्यातून ही डिझाइन आली आणि १९४८ मध्ये विकायला सुरुवात झाली. हे वाचलं तेव्हा मला ती सीडरची झुडपंच आठवली.

अंतराची मर्यादा आम्ही १०० यार्ड ठेवली. हरणासाठी गोळीत निदान १,००० फूट-पौंड ऊर्जा हवी असा जो जुना ठोकताळा आहे, तिथपर्यंत २२३ ची ऊर्जा साधारण त्या अंतरालाच उतरते. शिवाय फक्त आडवं उभं असेल तरच, खांद्याच्या मागं, खालून एक तृतीयांश उंचीवर.

ऑक्टोबरअखेर १७ वर्षांखालच्या मुलांचा वीकेंड होता. शनिवारी संध्याकाळी मादी आली पण आमच्याकडं तोंड करून तिरकी, लेकीनं सेफ्टी काढलीच नाही, "बाबा, वळत नाहीये ती," एवढंच पुटपुटली. मादी निघून गेली. मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा शॉट मारला असता तरी वाटला नसता. रविवारी सकाळी ७० यार्डांवर दुसरी, आडवी. एक शॉट, ४० यार्ड पळाली आणि पडली, आम्हाला पडलेली दिसलीसुद्धा.

सोलताना पलीकडच्या बाजूला कातड्याखाली बोटाला गाठ लागली. सुरीच्या टोकानं काढली तर गोळी, पुढून फुलासारखी उमललेली, मागचा दांडा जसाच्या तसा. दोन्ही फुफ्फुसं ओलांडून आलेली. घरी धुऊन बंदुकीची दारू मोजायच्या काट्यावर ठेवली : ३९ ग्रेन. लेकीनं ती काड्यापेटीत कापसावर ठेवलीय, वर तारीख लिहून.

पुढच्या महिन्यात बॅरल साफ करून तांब्याची परत मारतो, ग्रुप इथंच टाकीन.